पापलेट नक्की कुठलं? ओळख, शास्त्रीय नाव आणि वर्गीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३ मध्ये सिल्व्हर पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केलं आणि तेव्हापासून एकच प्रश्न दहा प्रकारे विचारला जातो, की आपण बाजारातून आणतो ते हेच का? कापरी वेगळं का? हलवा म्हणजे काळं पापलेट ना? आणि थोडं वाचलेले लोक विचारतात की याचं शास्त्रीय नाव बदललं म्हणे, खरं का? ही सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. स्पिशीज (माशाचा एक नेमका प्रकार) आणि जीनस (जवळच्या स्पिशीजचा गट) हे शब्द तसेच ठेवलेत, कारण मराठीत जाती, प्रजाती, वंश हे शब्द प्रत्येक पुस्तकात वेगळ्या अर्थाने येतात आणि गोंधळ वाढतो.

पापलेट हा एकच मासा आहे का?

नाही. बाजारात पापलेट म्हणून जे विकलं जातं त्यात कमीत कमी चार-पाच वेगवेगळे मासे असतात आणि त्यातले काही तर एकमेकांचे लांबचे नातेवाईकसुद्धा नाहीत. खरं पापलेट म्हणजे पॅम्पस या जीनसमधले मासे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्यातले दोन महत्त्वाचे, एक चंदेरी पापलेट (मालवणकडे ज्याला सरंगा म्हणतात ते) आणि दुसरं कापरी. बाकी हलवा, पॉम्पानो, रूपचंद हे सगळे आकारामुळे या नावाखाली आलेले आहेत. चपटं, गोलसर, रुंद अंग दिसलं की आपण पापलेट म्हणतो, पण असं अंग माशांच्या बऱ्याच कुळांमध्ये (कुळ म्हणजे जवळच्या जीनसचा गट) स्वतंत्रपणे तयार झालंय, त्यामुळे फक्त आकारावरून नातं ठरवता येत नाही.

मग चंदेरी पापलेट ओळखायचं कसं? एकदम सोप्या खुणा सांगा.

रंग बघू नका, ही पहिली गोष्ट. पापलेटचे खवले अगदी बारीक असतात आणि हात लागला की निघतात, जाळ्यात घासले गेले, बर्फात दाबले गेले की निम्मी चांदी तिथेच जाते. त्यामुळे सकाळी धक्क्यावर चकचकीत दिसणारा मासा दुपारी मंडईत राखाडी दिसतो आणि लोकांना वाटतं हा दुसराच प्रकार आहे. ताज्या माशावर पाठीकडे राखाडी छटा, पोटाकडे चंदेरी पांढरा रंग आणि अंगभर बारीक काळे ठिपके असतात, पण ते सगळं टिकेलच असं नाही.

बघायचं ते हे. शेपटी खोल दुभंगलेली असते आणि खालचं टोक वरच्यापेक्षा लांब असतं. पाठीवरच्या पराचा आणि पोटामागून शेपटीकडे जाणाऱ्या खालच्या पराचा पुढचा भाग कोयत्यासारखा वाकलेला. आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे पाठीवरचा पर सुरू होण्याच्या थोडं आधी बोट फिरवा, छोटे छोटे चपटे पात्यासारखे काटे एका रांगेत हाताला लागतात, साधारण पाच ते दहा. तसेच खालच्या परांच्या आधीही असतात. डोळ्याला पटकन दिसत नाहीत पण बोटाला कळतात.

आणखी एक, पोटाला पर नसतात. बांगडा, सुरमई उलटी करून बघा, छातीखाली दोन छोटे पर दिसतील. मोठ्या पापलेटला ते नसतातच.

कल्ला उघडून बघायचा तर पापलेटचा नीट उघडतच नाही, असं का?

ही फार चांगली खूण आहे, लक्षात ठेवा. पॅम्पसमध्ये कल्ल्याची त्वचा गळ्याच्या खालच्या भागाला रुंद चिकटलेली असते, त्यामुळे कल्ल्याचं तोंड म्हणजे बाजूला एक छोटी उभी चीर. सुरमईचा कल्ला जसा बोट घालून पूर्ण उघडतो तसा याचा उघडत नाही. म्हणूनच तर पापलेटचा ताजेपणा बघताना कल्ला उघडण्याऐवजी दाबून बघायची पद्धत आहे, पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं, हे घरातल्या मोठ्या बायकांनी सांगितलेलं असतं आणि त्यामागे ही शरीररचना आहे. हलव्याचा कल्ला मात्र बऱ्यापैकी मोठा उघडतो. म्हणजे एका खुणेत दोन मासे वेगळे करता येतात.

कापरी आणि चंदेरी पापलेट, दोन्ही खरीच पापलेटं ना? फरक काय?

हो, दोन्ही पॅम्पसच. कापरीचं नाव पॅम्पस चायनेन्सिस. फरक बघायला शेपटीपासून सुरुवात करा, कापरीची शेपटी फार दुभंगलेली नसते आणि दोन्ही टोकं जवळजवळ सारखी. चंदेरीसारखं खालचं टोक लांब लटकत नाही. पाठीचा आणि पोटामागचा खालचा पर रुंद असतो, मागे अगदी शेपटीच्या बुडापर्यंत जातो, त्यामुळे अख्खा मासा जास्त चौकोनी, भरीव वाटतो. आणि ते पात्यासारखे काटे मोठ्या कापरीत लागत नाहीत. रंगाला थोडी तपकिरी झाक असते, पण परत सांगतो, रंगावर निर्णय घेऊ नका.

पर मोजायची हौस असेल तर कापरीच्या पाठीच्या परात साधारण ४३ ते ५० नाड्या (पराला आधार देणाऱ्या बारीक काड्या) असतात, चंदेरी गटात त्या सहसा कमी, ३७ ते ४३. म्हणजे ४३ वर दोन्ही गट एकमेकांना टेकतात, त्यामुळे नुसती ही संख्या पुरेशी नाही, शेपटी आणि काटे बघावेच लागतात.

हलवा म्हणजे काळं पापलेट. बरोबर?

इंग्रजीत ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणतात म्हणून हा समज एवढा घट्ट बसलाय. पण नाही, हलवा पापलेटच्या कुळातलाच नाही. त्याचं नाव पॅरास्ट्रोमॅटियस नायजर आणि कुळ कॅरँजिडी, म्हणजे तो ट्रेव्हली वगैरे मंडळींच्या घरातला.

गंमत म्हणजे हा गोंधळ मंडईत सुरू झालेला नाही, शास्त्रज्ञांपासूनच आहे. १७९५ मध्ये ब्लॉक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तामिळनाडूतल्या तरंगंबाडीहून (तेव्हा डॅनिश वसाहत होती, ट्रँकेबार म्हणायचे) गेलेल्या माशावरून हलव्याचं वर्णन केलं आणि त्याला स्ट्रोमॅटियस नायजर असं नाव दिलं. स्ट्रोमॅटियस म्हणजे तेव्हा पापलेटही ज्या जीनसमध्ये होतं तोच. चूक समजण्यासारखी आहे, कारण आकार तसाच, आणि हलव्याचेही पोटाखालचे पर मोठेपणी नाहीसे होतात. साधारण बोटाएवढी पिल्लं असतात तेव्हा मात्र त्यांना ते पर असतात, चांगले लांब काळे, आणि अंगावर उभे गडद पट्टे असतात, म्हणजे पिल्लू बघितलं असतं तर शंका आलीच असती. पुढे १८६४ मध्ये ब्लीकर या डच शास्त्रज्ञाने हलव्यासाठी पॅरास्ट्रोमॅटियस हा वेगळा जीनस केला. वेगवेगळ्या काळात फॉर्मिओ नायजर, अपोलेक्टस नायजर अशीही नावं चालली, जुन्या सरकारी रिपोर्टात किंवा कॉलेजच्या जुन्या पुस्तकात ती सापडली तर घाबरू नका, तो हलवाच.

ओळखायचा कसा, तर शेपटीच्या आधीचा जो बारीक देठासारखा भाग असतो तिथे दोन्ही बाजूंनी बोट फिरवा. हलव्याला तिथे कडक, खरखरीत खवल्यांची एक छोटी धार लागते. पापलेटला तो भाग गुळगुळीत असतो. एवढं केलं तरी पुरे, अंधारातसुद्धा ओळखता येईल.

पापलेटचे खरे नातेवाईक मग कोण?

हे ऐकून बऱ्याच लोकांना आश्चर्य वाटतं. पापलेटचं कुळ स्ट्रोमॅटिडी, त्यात तीनच जीनस, पॅम्पस, पेप्रिलस आणि स्ट्रोमॅटियस. पूर्वी हे कुळ पर्सिफॉर्मिस नावाच्या प्रचंड मोठ्या गणात (गण म्हणजे अनेक कुळांचा गट) टाकलेलं असायचं, जिथे कुठे न बसणारे मासे सगळे जाऊन बसायचे. डीएनएचा अभ्यास झाल्यावर कळलं की पापलेट हे बांगडा, सुरमई, कुपा आणि वाकटी यांच्या गटातलं आहे, त्या गणाला आता स्कॉम्ब्रिफॉर्मिस म्हणतात. म्हणजे ताटातलं गोल पापलेट आणि पट्टीसारखी लांब वाकटी एकमेकांच्या जास्त जवळ आणि पापलेटसारखाच दिसणारा हलवा दूर. मला वर्गीकरणाचं वेड लागायचं कारण असंच काहीतरी आहे, डोळ्यांना जे दिसतं त्याच्या पलीकडे जाऊन नातं शोधायचं.

या कुळाची एक आतली खूणही आहे. मासा साफ करताना कल्ल्यांच्या मागे, घशाच्या शेवटी एक जाडसर पिशवी सापडते आणि तिच्या आतून बारीक दातेरी उंचवटे असतात. पापलेट मऊ, जेलीसारखे प्राणी आणि पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातं, ते या पिशवीत रगडले जातात. पुढच्या वेळी टाकून द्यायच्या आधी एकदा कापून बघा, खरंच बघण्यासारखी असते.

शास्त्रीय नाव पॅम्पस अर्जेंटियस की पॅम्पस कँडिडस? दोन्ही वाचायला मिळतात.

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर.

१७८८ मध्ये युफ्रासेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने दोन माशांची वर्णनं छापली, स्ट्रोमॅटियस अर्जेंटियस आणि स्ट्रोमॅटियस चायनेन्सिस. दोन्ही मासे चीनच्या समुद्रातले. नंतर १८२९ मध्ये फ्रान्समध्ये क्युव्हिएने भारतातल्या चंदेरी पापलेटला स्ट्रोमॅटियस कँडिडस हे नाव दिलं. पुढच्या लोकांनी दोन्ही वर्णनं ताडून बघितली, मासे सारखेच वाटले, आणि वर्गीकरणाचा नियम असा की एकाच स्पिशीजला दोन नावं पडली असतील तर जुनं नाव राहतं. म्हणून कँडिडस हे नाव अर्जेंटियसचं दुसरं नाव म्हणून बाजूला पडलं आणि इराणच्या आखातापासून जपानपर्यंतचं सगळं चंदेरी पापलेट एकाच नावाखाली गेलं. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या पुस्तकांत, फिशरीजच्या तक्त्यांत पॅम्पस अर्जेंटियस दिसतं ते यामुळे.

मग डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएचा ठराविक तुकडा वाचून स्पिशीज ओळखायची पद्धत आली. भारतातले मासे आणि चीनकडचे मासे यांचे डीएनए शेजारी ठेवले तर ते एका स्पिशीजमध्ये बसतील इतके जवळ निघेनात. मग लोक परत माशाकडे वळले, मणके मोजले, कल्ल्यातले दातेरी काटे मोजले, डोक्यावरच्या आणि मानेजवळच्या त्या बारीक नागमोडी रेघा असतात ना, ज्या संवेदनेच्या नळ्या असतात, त्या कुठपर्यंत जातात ते बघितलं. फरक सापडले. २०१९ मध्ये राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी पॅम्पस कँडिडसचं नव्याने पूर्ण वर्णन छापलं आणि क्युव्हिएचं नाव परत वापरात आलं.

त्यामुळे आजच्या समजुतीप्रमाणे आपल्या अरबी समुद्रातलं, सातपाटी, वसई, मुंबई, रत्नागिरी, मालवणला येणारं चंदेरी पापलेट हे पॅम्पस कँडिडस. अर्जेंटियस हे नाव चीनकडच्या माशाचं. नवा मासा समुद्रात आला असं नाही, मासा तोच आहे, आपण त्याला शेजाऱ्याच्या नावाने हाक मारत होतो.

मग जुन्या पुस्तकातलं नाव चुकीचं समजायचं का?

त्या काळच्या माहितीप्रमाणे बरोबर होतं. वाचताना फक्त एवढं बघा की माहिती कुठल्या समुद्रातल्या माशाची आहे. अर्जेंटियस लिहिलंय पण अभ्यास गुजरात-महाराष्ट्राचा आहे तर तो कँडिडसचा समजा. खरी पंचाईत डीएनएच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये आहे, तिथे भारतीय माशांचे कित्येक जुने नमुने अजून अर्जेंटियस नावानेच पडलेत, आणि एखाद्या विद्यार्थ्याने आपला नमुना तिथे जुळवला की उत्तर अर्जेंटियस येतं. प्रोजेक्ट करणाऱ्यांनी पहिलंच आलेलं नाव उचलू नये, नमुना कुठून घेतला होता आणि ओळख कोणी, कशी केली हे उघडून बघावं.

नावापुढे कधी कंसात माणसाचं नाव असतं, कधी कंस नसतो. का?

ज्याने पहिलं वर्णन केलं त्याचं नाव आणि साल. स्पिशीज आता वेगळ्या जीनसमध्ये हलवली असेल तर कंस घालतात. क्युव्हिएने कँडिडस स्ट्रोमॅटियसमध्ये ठेवलं होतं, आता ते पॅम्पसमध्ये आहे, म्हणून पॅम्पस कँडिडस (क्युव्हिए, १८२९) असं लिहितात. स्पिशीज पहिल्यापासून त्याच जीनसमध्ये असेल तर कंस नाही. विद्यार्थी हे विसरतात आणि मार्क जातात.

पूर्व किनाऱ्यावर मिळतं ते हेच का?

कँडिडस तिकडेही आहे, कापरीही आहे. पण बंगालच्या उपसागरात एक करडं पापलेटही मिळतं, पॅम्पस ग्रिसियस. हे नावही क्युव्हिएच्याच काळातलं, तेही कितीतरी वर्षं दुसऱ्या नावाखाली दडून होतं. २०२१ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या लोकांनी शरीररचना आणि डीएनए दोन्ही वापरून ते वेगळं असल्याचं दाखवलं. कोलकात्याहून किंवा ओडिशाहून आलेलं पापलेट मुंबईत विकायला असेल तर त्यात हे असू शकतं. नुसत्या नजरेने कँडिडसपासून वेगळं करणं अवघड आहे, अशा वेळी कोणी ठामपणे सांगत असेल तर कशावरून ते जरूर विचारा.

रूपचंद पापलेट म्हणून विकतात, ते कसं ओळखायचं?

रूपचंद समुद्रातला मासाच नाही. पियारॅक्टस ब्रॅकिपोमस, मूळ दक्षिण अमेरिकेतला गोड्या पाण्यातला, पिरान्हाचा भाऊबंद, आपल्याकडे तळ्यात वाढवतात. दोन खुणा बघा. पाठीवरच्या परामागे, शेपटीच्या जवळ एक छोटा मांसल पर असतो, पापलेटला असा पर कधीच नसतो. आणि तोंड उघडा, आत माणसासारखे चौकोनी भक्कम दात दिसतील. लहान रूपचंदचं पोट लालसर असतं. खायला वाईट असं अजिबात नाही, स्वस्त मिळतो, खुशाल खा, पण पापलेटच्या भावाने घेऊ नका. हॉटेलमध्ये तळलेला अख्खा मासा आला तरी त्या छोट्या परावरून आणि दातांवरून कळतं.

फ्रोझन गोल्डन पॉम्फ्रेट किंवा पॉम्पानो?

ट्रॅकिनोटस जीनसमधले मासे, कॅरँजिडी कुळातले, म्हणजे हलव्याच्या बाजूचे. परांवर पिवळेपणा, पोटाखाली पर हजर, पाठीवर सुरुवातीला सुटे सुटे आखूड काटे. यांची शेती होते, भारतातही होते.

आम्ही अमेरिकेत / गल्फमध्ये राहतो, तिथे काय घ्यायचं?

गल्फवाल्यांची मजा आहे, कुवेतकडे ज्याला झुबेदी म्हणतात ते चंदेरी पापलेटच. अमेरिकेत पॉम्फ्रेट लिहिलं असेल तर जरा थांबा, तिकडे हे नाव ब्रामिडी या एका पूर्ण वेगळ्या, खोल समुद्रातल्या कुळालाही वापरतात. देशी किंवा चायनीज दुकानातल्या पाकिटावर शास्त्रीय नाव असेल तर पॅम्पस शोधा. ताजं हवं असेल तर तिथल्या पूर्व किनाऱ्यावरचा बटरफिश बघा, तो पेप्रिलस, म्हणजे पापलेटच्याच कुळातला, आकाराने लहान पण चवीला जवळचा.

छोटी छोटी पापलेटं मिळतात ती वेगळी स्पिशीज असते का?

पॅम्पस मायनर नावाची लहान राहणारी एक स्पिशीज आहे, १९९८ मध्ये वर्णन झालं, पण ती चीनच्या बाजूची. आपल्याकडे तळहाताएवढी किंवा त्याहून लहान जी मिळतात ती चंदेरी पापलेटची पिल्लं. काही विक्रेते हा बारीकच प्रकार असतो असं सांगतात, तसं नाही, त्याला समुद्रात राहू दिलं असतं तर तो एक फूट झाला असता. कोवळी पिल्लं एकदाही अंडी न घालता जाळ्यात येतात हेच पापलेट कमी होण्यामागचं एक मोठं कारण आहे आणि सातपाटीचे मच्छीमार स्वतः वर्षानुवर्षं हे सांगत आलेत.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ माशांसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवली, त्यात चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटर. त्याखालचं पकडणं नियमाविरुद्ध. पट्टी घेऊन बाजारात जा असं म्हणत नाही, पण साडेतेरा सेंटिमीटर म्हणजे आपल्या हातावर कुठपर्यंत येतं ते एकदा घरी मोजून ठेवा. त्यापेक्षा लहान दिसलं तर घेऊ नका आणि मावशींना शांतपणे का ते सांगा, भांडायची गरज नाही, पकडून त्यांनी आणलेलं नसतं.

स्पिशीज कुठलीही असो, खायचं तर आहे. एवढा काथ्याकूट कशाला?

कारण मोजणी नावावर होते. कँडिडस आणि अर्जेंटियस एकच धरले तर चीनकडच्या माशाच्या वाढीचे, अंडी घालण्याच्या काळाचे आकडे आपल्या माशाला लावले जातात. कापरी आणि चंदेरी एकाच ढिगात मोजली तर एक कमी होत असताना दुसऱ्याच्या वजनाखाली ते दिसतच नाही. आणि किमान लांबी, बंदीचा काळ हे सगळं शेवटी कुठल्या माशासाठी आहे हे आधी नक्की असायला हवं. मला हे मनापासून वाटतं की ज्या माशाला आपण राज्यमासा म्हटलं त्याचं नाव तरी आपल्याला नीट माहीत असावं.

तुकडे केलेले असतील तर ओळखता येतं?

कातडी आणि शेपटीचा तुकडा असेल तर बऱ्याचदा येतं, शेपटीच्या देठावर खरखरीत धार लागली तर हलवा. कातडी काढलेलं फिले असेल तर डोळ्याने ओळख सांगणारा अंदाजच सांगतोय असं समजा. तिथे डीएनएच लागतो. माशाच्या पेशीतल्या सीओ-वन नावाच्या जीनचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात आणि ओळखलेल्या नमुन्यांशी जुळवतात. यासाठी परांचा नखाएवढा तुकडा स्वच्छ अल्कोहोलमध्ये ठेवला तरी पुरतो. फॉर्मलीनमध्ये टाकू नका, डीएनए खराब होतो, कॉलेजच्या म्युझियममधल्या बाटल्यांतल्या माशांचं तेच होतं.

नर-मादी बाहेरून कळतात का?

नाही. पोट भरलेलं असेल तर गाभोळीचा अंदाज येतो, बाकी कापल्यावरच.

फोटो पाठवून ओळख विचारायची असेल तर फोटो कसा काढू?

मासा धुवून, डोकं तुमच्या डाव्या हाताला येईल असा सपाट पांढऱ्या ताटात किंवा कागदावर ठेवा. पर मिटलेले असतील तर टाचणीने किंवा बोटाने उघडून धरा, कारण निम्मी ओळख परांच्या आकारावर आहे आणि लोक नेमके पर मिटलेला फोटो पाठवतात. शेजारी पट्टी ठेवा, नसेल तर नाणं. एक फोटो अख्ख्या माशाचा बरोबर वरून, तिरका नको. एक शेपटीचा जवळून. एक पाठीच्या पराच्या सुरुवातीचा, जिथे ते पात्यासारखे काटे असतात. एक कल्ल्याच्या चिरेचा. मानेवरच्या नागमोडी रेघा उजेड तिरका पाडला तर छान दिसतात, त्यासाठी खिडकीशी न्या, फ्लॅश नको. आणि मासा कुठल्या बंदराचा, कुठल्या महिन्यात मिळाला हे जरूर लिहा, नुसतं मार्केटमधून घेतला एवढं लिहिलं तर करडं पापलेट की आपलं चंदेरी हे सांगणं फार कठीण होतं. मीठ-हळद लावायच्या आधी फोटो काढा.